भेटायला येणारी गाडी, एक पास आणि आप्पांची झोप

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘आमचं गाव अमळनेर तालुक्यात. वडिलांच्या (वय ६६) आतड्याला पीळ पडला म्हणून जळगावला तातडीने ऑपरेशन झालं, आतड्याचा थोडा भाग काढावा लागला. दोन दिवस आयसीयूत होते, आता वॉर्डात आहेत, आज पाचवा दिवस. गावाहून रोज गाडी भरून वीस-पंचवीस माणसं भेटायला येतात. वॉचमन अडवतो, वाद होतात. मोठे काका म्हणतात, एवढ्या लांबून आलेल्या माणसाला न भेटवता परत पाठवायचं हे आपल्यात बसत नाही. आई तीन रात्री झोपलेली नाही. वडील रात्री कधीकधी भलतंच बोलतात. हे नियम खरंच कशासाठी असतात? नाही कोणाला म्हणायचं? खायला काय आणलेलं चालतं? आणि सहा वर्षांच्या नातवाला आजोबांना भेटवू का?’

भाऊ, मी एकतीस वर्षं नर्सिंग केलं. आधी धुळ्याला सरकारी दवाखान्यात, नंतर जळगावला, शेवटची काही वर्षं सर्जरी वॉर्डाची इन्चार्ज होते. तुम्ही चार प्रश्न विचारलेत, पण मला त्यातली एक ओळ सगळ्यात जास्त लागली: आई तीन रात्री झोपलेली नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आज रात्री आईला कॉटखाली चटई टाकू देऊ नका. जळगावात कोणी नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे झोपायला पाठवा, नसतील तर गावी पाठवा. सोबतीला असलेलं माणूस म्हणजे वॉर्डातलं अर्धं नर्सिंग असतं. सलाईन संपत आलं की हाक तेच मारतं. पहाटे अंगाला हात लावून ‘सिस्टर, अंग कोमट लागतंय’ हे पहिल्यांदा तेच सांगतं. डॉक्टर राउंडला काय बोलले, कोणती गोळी बंद केली, हे त्यालाच लक्षात ठेवायचं असतं. तीन रात्री जागलेल्या बाईकडून हे होत नाही, आणि एखादी गोष्ट निसटली की ती जन्मभर स्वतःला दोष देत बसते. असं झालेलं मी पाहिलंय. म्हणून एका कागदावर पाळ्या लिहा: दिवसा आई किंवा तुमची बहीण, रात्री तुम्ही आणि एखादा चुलतभाऊ आलटून पालटून. पुरुषांच्या वॉर्डात रात्री पुरुष माणूस सोबतीला असलेलं शेजारच्या रुग्णांनाही बरं पडतं. तो कागद सिस्टरना दाखवा, म्हणजे रुग्णासोबत थांबायचा पास कोणाच्या हातात आहे ते त्यांनाही कळतं.

आता गाडीतल्या माणसांकडे येते. मोठ्या काकांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. मी याच मुलखातली आहे. आपल्याकडे लग्नात नाही आलं तर चालतं, पण आजारपणात भेटायला नाही आलं तर ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. लोक कापसाची वेचणी सोडून, रात्री लाइट असते म्हणून रात्रभर पिकाला पाणी भरून सकाळी गाडीत बसतात, यात माया असते. प्रश्न एवढाच आहे की ती माया आप्पांच्या अंगावर किती भार टाकते. (तुम्ही वडिलांना काय म्हणता ते लिहिलं नाहीत, मी आपल्याकडचं आप्पा धरून चालते.)

भेटायची चार ते सहाची वेळ डोळ्यांसमोर आणा. आप्पा पडलेले आहेत. पोटावर उभी चीर, टाके. नाकात नळी असेल किंवा नुकतीच काढलेली असेल. दारातून व्याही दिसतात. आता आपल्याकडचा कोणता माणूस व्याही आल्यावर पडून राहील? ते कोपरावर जोर देऊन उठायला बघतात, एक हात टाक्यांवर, तोंडात ‘या, बसा, चहा सांगा रे’. आधार न देता असं उठल्याने पोटाच्या शिवणीवर ताण येतो. व्याही बसले की विचारतात, ‘कसं काय झालं?’ आप्पा पहिल्यापासून सांगतात. ते गेले की मावसा येतात आणि पुन्हा ‘कसं काय झालं?’ वीस माणसं म्हणजे तीच कहाणी वीस वेळा. संध्याकाळी साडेसहाला मी नाडी आणि बीपी घ्यायची तेव्हा ज्या कॉटभोवती गर्दी होऊन गेलेली असे तिथले आकडे दुपारपेक्षा चढलेले मला कितीतरी वेळा दिसलेत. शिवाय त्या दोन तासांत आप्पांनी दोन वेळा वॉर्डात चालायला हवं होतं, फुप्फुसं मोकळी राहावीत म्हणून तीन छोट्या चेंडूंच्या प्लास्टिकच्या यंत्रातून श्वास ओढायला हवा होता आणि थोडं झोपायला हवं होतं. हे तिन्ही राहून जातं. ऑपरेशननंतर छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, तो अशाच राहून गेलेल्या गोष्टींमुळे.

म्हणून माझा हिशेब असा असायचा: कॉटजवळ एका वेळी दोन माणसं, दहा मिनिटं, दिवसात एकूण पाच-सहा जण. बाकीचे खाली निंबाच्या सावलीत बसतील, आईशी बोलतील, तुमच्याशी बोलतील. त्यांनी दवाखान्यापर्यंत येणं हेच भेटणं धरा. तसं काकांनी एकदा गाडीतच सांगितलं तर सगळे ऐकतात. तुम्ही सांगितलंत तर ‘पोरगा शहाणा झाला’ म्हणतील. काकांना विरोधक समजू नका, त्यांच्याच हाती हे काम द्या.

जंतूंचा भाग लोकांना दिसत नाही म्हणून पटत नाही. घरी ज्या जंतूंनी आपल्याला काही होत नाही ते पोटाची चीर असलेल्या किंवा लघवीची नळी टाकलेल्या माणसाला महागात पडतात. आणि उलटही होतं. वॉर्डातले बरेच जंतू औषधांना दाद न देणारे असतात, ते आपण हातावर घेऊन घरी जातो. हात धुणं हाच सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय. व्हिएन्नाच्या दवाखान्यात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने १८४७ साली डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू एकदम खाली आले, तेव्हापासून हे माहीत आहे. दाराशी सॅनिटायझर असेल तर तो बोटांच्या बेचक्यात, अंगठ्याला आणि नखांपर्यंत २० ते ३० सेकंद चोळायचा. साबणाने धुवायचे तर सगळं मिळून ४० ते ६० सेकंद. आत जाताना एकदा, बाहेर येताना एकदा. रुग्णाला हात लावला नाही, फक्त कॉटची कड धरली, तरीही. वॉर्डात कोणाला जुलाब असतील तर मात्र सॅनिटायझरवर विसंबू नका, जुलाबाचे काही जंतू त्याने मरत नाहीत. तिथे साबण आणि पाणीच.

सर्दी, खोकला, ताप, डोळे आलेले, अंगावर कांजिण्या किंवा नागीण, हाताला पिकलेलं गळू, यातलं काहीही असलेल्या माणसाने भेटायला येऊ नये, कितीही जवळचा असला तरी. जुलाब-उलट्या झाल्या असतील तर त्या थांबल्यावर आणखी दोन दिवस जाऊ द्यावेत. हे ‘नाही’ तुम्ही अगदी बिनधास्त म्हणा. आणि कॉटवर बसू नका. स्टूल नसेल तर उभं राहा.

खाण्यापिण्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण आपल्याकडे रिकाम्या हाताने कोणी येत नाही.

तुमच्या वडिलांचं आतडं कापून जोडलेलं आहे. तो जोड धरायला काही दिवस लागतात. वारा सरला, पोट मऊ आहे, उलटी नाही, हे बघून सर्जन आधी घोट घोट पाणी, मग पातळ, मग मऊ असं वाढवत नेतात. पाचव्या दिवशी वडील यातल्या कोणत्या पायरीवर आहेत हे फक्त सर्जनांनाच माहीत. ‘वरणाचं पाणीच तर आहे’ म्हणून कोणी पाजलं आणि आतडं अजून जागं झालेलं नसलं, तर पोट फुगतं, उलटी होते. त्यामुळे सध्या त्यांच्यासाठी कोणी काहीही आणायचं नाही. विचारायचं असेल तर सिस्टरना, आणि तेही घरच्या एकाच माणसाने.

दुसऱ्या रुग्णांसाठीही हे वाचणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. आपल्या रावेर-यावलच्या केळीइतकं निर्मळ फळ नाही, शहाळं तर रुग्णाचं पेय म्हणूनच ओळखलं जातं. पण किडनीच्या रुग्णाला, विशेषतः डायलिसिसवर असलेल्याला, हीच दोन जास्त धोक्याची. मध्यम केळ्यात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, आणि ग्लासभर शहाळ्याच्या पाण्यात त्याहून जास्त. किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, रक्तात ते वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. पिशवीभर केळी घेऊन आलेल्या भावाला हे सांगताना त्याचा चेहरा उतरतो, मला स्वतःला वाईट वाटायचं, पण सांगायलाच लागायचं. हृदयाच्या रुग्णाला बिबडे, पापड, शेव, लोणचं यातलं मीठ नको. शुगरच्या रुग्णाला डब्यातला फळांचा रस आणि ग्लुकोजची बिस्किटं नकोत. केमो चालू असेल आणि पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतील तर बाहेरची चिरलेली फळं आणि फुलंही नकोत.

मग आणायचं काय? सोबत करणाऱ्या माणसाचा डबा. कळण्याची भाकरी, भरीत, मिरचीचा ठेचा जे काय असेल ते. कँटीनचा पाव खाऊन आठ दिवस काढलेल्या बाईला घरची भाकरी मिळाली की तिच्या अंगात दोन दिवसांचं बळ येतं.

चमचाभर पाण्याची एक गोष्ट सांगते. धुळ्याला असतानाची. शिंदखेड्याकडचे एक बाबा, लकवा मारलेले, उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. लकव्यात बऱ्याचदा गिळण्याची शक्तीही जाते, म्हणून नाकातून नळी टाकून त्यातून दूध-पाणी देत होतो. कॉटच्या वर पाटी होती: ‘तोंडावाटे काही देऊ नये’. त्यांची धाकटी बहीण भेटायला आली. भावाचे ओठ सुकलेले दिसले. तिने पदरातून छोटी बाटली काढली आणि दोन चमचे पाणी तोंडात घातलं. बाबांना ठसका लागला, मग शांत झाले. तिला वाटलं, तहान भागली. पाणी श्वासनळीत गेलं होतं. रात्री ताप चढला, छाती घरघरायला लागली, न्यूमोनिया झाला. बाबा वाचले, पण किती दिवस जास्त राहावं लागलं आणि घरच्यांचा किती खर्च झाला ते माझ्या समोर आहे. ती बहीण जिन्याच्या पायरीवर बसून रडत होती. तिला वाचता येत नव्हतं. चूक पाटीची होती, म्हणजे माझी. त्यानंतर मी पाटीवर पाण्याच्या पेल्याचं चित्र काढून त्यावर लाल फुली मारायला लागले, आणि ओठ सुकलेले दिसले तर काय करायचं तेही दाखवायला लागले: ओला बोळा पिळून फक्त ओठांवरून फिरवायचा.

तशीच दुसरी गोष्ट, लघवीच्या पिशवीची. रुग्णाला कूस बदलायला मदत करताना कोणी तरी चांगल्या मनाने ती पिशवी उचलून कॉटवर, मांडीजवळ ठेवतं. नळीतली लघवी उलटी मूत्राशयात जाते आणि जंतूही सोबत जातात. पिशवी कायम कमरेच्या खाली, कॉटच्या कडेला अडकवलेली, फरशीला न टेकणारी असावी. सलाईनची चक्री फिरवून ‘लवकर संपवून टाकू’ असं कोणी करू नये, कारण त्या बाटलीत पोटॅशियम घातलेलं असू शकतं आणि ते ठरलेल्या वेगाहून जोरात गेलं तर हृदय थांबू शकतं. ऑक्सिजनचा काटाही कोणी वाढवू नये. जुन्या दमेकऱ्याला, विडी ओढून फुप्फुसं निकामी झालेल्या माणसाला, जास्त ऑक्सिजन दिला की तो हळूहळू गुंगीत जातो. काही कमी-जास्त वाटलं तर बेल दाबा, हाक मारा. दहा वेळा हाक मारली म्हणून कोणी सिस्टर रागावली तरी अकराव्यांदा मारा.

देवाधर्माचं कोणाला वाईट वाटू नये म्हणून स्पष्ट सांगते. सप्तशृंगीचा, मनुदेवीचा अंगारा कपाळाला लावायला माझी कधीच ना नव्हती. ऑपरेशनला नेतानाही मी माउलीला थांबून लावू दिलाय. पण तो तोंडात घालायचा नाही, टाक्यांवर किंवा सुईच्या जागी लावायचा नाही. आणि उदबत्ती, कापूर, काडी वॉर्डात पेटवायची नाही, कारण ऑक्सिजन असलेल्या जागी ठिणगीचा भडका व्हायला क्षण लागत नाही.

आता आप्पांच्या रात्रीच्या बरळण्याबद्दल. तुम्ही ते ओझरतं लिहिलंय, पण माझ्या दृष्टीने ते महत्त्वाचं आहे. मोठ्या ऑपरेशननंतर, आयसीयूतून आलेल्या वयस्कर माणसाला असा भ्रम पुष्कळदा होतो. दिवस-रात्र कळत नाही, वॉर्डाला ते घर समजतात, नळ्या ओढतात, मेलेल्या भावाला हाका मारतात. वेड लागलेलं नसतं. पण ती खूण असू शकते: आत कुठे जंतुसंसर्ग आहे, रक्तातले क्षार बिघडलेत, ऑक्सिजन कमी पडतोय, लघवी तुंबली आहे किंवा एखादं औषध मानवत नाही. म्हणून डॉक्टरांना आजच सांगा, ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडू नका. आणि एक गोष्ट घरच्यांनी लाज न बाळगता सांगायची: रोज दारू घेत होते का? अचानक बंद झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून हातापायांना कंप सुटतो आणि असंच बरळणं सुरू होतं. त्यावर वेगळे उपचार लागतात. लपवलं तर जिवावर बेततं.

या बाबतीत भेटायला येणारं माणूस औषधासारखं काम करतं, पण ते एकच हवं, रोजचं आणि शांत. त्यांच्याशी अहिराणीत बोला. ‘आप्पा, मी धाकला. आज बुधवार, तुम्ही जळगावले शेतस, दवाखान्यात. ऑपरेशन चांगलं व्हयनं.’ हे दिवसातून सात-आठ वेळा सांगा. भलतं बोलले तर वाद घालू नका, हसूही नका. दिवसा खिडकीचा पडदा उघडा ठेवा, रात्री दिवा मंद करा. भिंतीवर दिसेल असं घड्याळ आणि कॅलेंडर ठेवा. आणि चष्मा! चष्मा, कानाचं मशीन आणि दातांची कवळी घाईघाईत घरीच राहते. न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या माणसाला रात्रीचा वॉर्ड किती भेसूर वाटत असेल याचा विचार करा.

नातवाचं तुम्ही विचारलंत. बहुतेक दवाखाने लहान मुलांना वॉर्डात सोडत नाहीत, ते मुलाच्या भल्यासाठीही असतं. पण माझं मत जरा मऊ आहे. मूल ठणठणीत असेल, भ्रम उतरला असेल, नळ्या निघाल्या असतील आणि सिस्टर हो म्हणत असतील, तर गर्दीच्या वेळेआधी पाच मिनिटं भेटवा. आधी त्याला सांगा: आजोबांच्या हाताला सुई आहे, ते हळू बोलतील, मिठी मारायची नाही, हात धरायचा. तोवर दुपारी व्हिडिओ कॉल करून द्या. तान्ह्या बाळाला आणि गरोदर बाईला मात्र आणू नका. मे महिन्यात तर मुळीच नाही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात काळी-पिवळीत कोंबून आणलेलं पोर दवाखान्यात पोचेपर्यंत स्वतःच पेशंट झालेलं असतं.

बाळंतिणीला भेटायला जाणाऱ्यांना एकच सांगते: बाळाची पापी घेऊ नका, मध, घुटी, गूळपाणी चाटवू नका. सहा महिने फक्त आईचं दूध.

बोलण्याच्या बाबतीत माझी सगळ्यात मोठी तक्रार म्हणजे ‘आमच्या गावात एकाला असंच झालं होतं, तो गेला’ ही वाक्यं. आणि ‘नाशिकला न्यायला पाहिजे होतं.’ हे सुचवायचं असेल तर घरच्या कर्त्या माणसाला बाहेर नेऊन सांगा. उशाशी बोललेलं रुग्णाला सगळं ऐकू येतं, डोळे मिटलेले असले तरी. दोन प्रकारच्या रुग्णांजवळ तर फारच जपून बोलावं लागतं. एक, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबारकडे हा आजार पुष्कळ आहे. पोरगं वरून धडधाकट दिसतं, ना ताप ना जखम, पण हाडांत असह्य कळा येत असतात. ‘नाटक करतो’ असं म्हणणाऱ्या मामांना मी वॉर्डाबाहेर काढलंय. त्या पोराला पाणी पाजा, अंग उबदार ठेवा, पाय चेपून द्या. दुसरे म्हणजे औषध घेतलेले, म्हणजे फवारणीचं विष घेतलेले. तिथे ‘का घेतलं रे?’ हा प्रश्न कोणीही विचारू नये. ‘तू आहेस, बस’ एवढं म्हणून हात धरून बसावं. त्या माणसाला घरी गेल्यावरही एकटं सोडू नये आणि मनाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय राहू नये. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

फोटो काढू नका. तुमच्याकडे वीस-पंचवीस माणसं रोज येतात याचं एक कारण मी न सांगता ओळखते: कोणीतरी नाकात नळी असलेल्या आप्पांचा फोटो स्टेटसला ठेवला असेल. शुद्धीवर नसलेल्या माणसाला विचारलेलं नसतं, आणि मागच्या कॉटवरचा रुग्ण त्यात येतो ते वेगळंच.

वॉचमनशी वाद घालू नका. त्याने आत सोडलं तर त्याला आम्ही बोलतो, नाही सोडलं तर तुम्ही बोलता, आणि बारा तास उभा असतो तो. हात उचलण्यापर्यंत गोष्ट गेली तर महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे: दवाखान्यात हिंसा केली तर ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, अजामीनपात्र गुन्हा, आणि मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. पण तुमचेही हक्क आहेत. खासगी दवाखान्यांसाठी २०२१ मध्ये सुधारलेल्या राज्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आहे. ती दर्शनी भागात लावलेली असायला हवी. आजार काय आहे, उपचार काय चालू आहेत, गुंतागुंत काय होऊ शकते, हे समजून घेण्याचा हक्क तिच्यात आहे. बाई रुग्ण असेल आणि डॉक्टर पुरुष असतील तर तपासताना दुसरी स्त्री हजर असली पाहिजे. हे हक्क वापरायचे कसे? राउंडच्या वेळी घरच्या एकाने, रोज त्याच माणसाने, वही घेऊन डॉक्टरांना विचारायचं. पाच जणांनी पाच वेळा विचारलं की पाच वेगळी उत्तरं घरी पोचतात आणि भांडणं तिथून सुरू होतात.

आणि नियम वाकवायचे कधी, हेही आम्हाला कळायला हवं. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेले लोक दिवसभराचा प्रवास करून धुळ्याला पोचायचे. रुग्णाला पावरी किंवा भिलोरी ही आदिवासी बोलीच येते, आम्हाला येत नाही. सहा वाजून गेले म्हणून त्याच्या माणसाला बाहेर काढलं तर रात्री त्याला कुठे दुखतंय हे सांगणार कोण? तिथे मी माणूस ठेवून घ्यायची. अखेरच्या घटका मोजणाऱ्या माणसाजवळ त्याच्या लेकीला घड्याळ दाखवणं मला कधी जमलं नाही. असं काही कारण तुमच्याकडे असेल तर इन्चार्ज सिस्टरना शांतपणे सांगा, बहुतेक जणी ऐकतात.

भेटायला येऊन हाताला काम न मिळाल्याने माणसं कॉटभोवती गोळा होतात, असं मला वाटत आलंय. काम द्या. हातावर पैसे ठेवायची आपल्याकडे रीत आहे, ते आप्पांच्या उशाखाली न ठेवता तुमच्या हातात द्यावेत आणि तुम्ही नावासकट लिहून ठेवावेत, ते फेडायचे असतात. गाडीतल्या वीस जणांत रक्त देऊ शकणारे पाच-सहा तरी निघतील: वय १८ ते ६५, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५, आणि मागच्या वेळी दिलेलं असेल तर पुरुषांना तीन महिने, बायकांना चार महिने झालेले. दोघांनी घरची गुरं आणि दूध बघावं. एकीने आईचे कपडे धुवायला न्यावेत. माझ्या वॉर्डात एक आत्या यायची, जामनेरकडची. भावाच्या कॉटपाशी दारातूनच हात जोडायची, आत पाऊल टाकायची नाही. भावजयीला घेऊन खाली नळावर जायची, तिचं डोकं न्हाऊ घालायची, वेणी घालून द्यायची, जेवू घालायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत. आठ दिवस रोज. भाऊ तिला एकदाही नीट भेटला नाही, पण घरी जाताना त्याने पहिलं नाव तिचं घेतलं.

आज रात्री नातेवाइकांच्या ग्रुपवर काकांच्या नावाने हा निरोप टाका, हवा तसा बदला:

‘रामराम. आप्पांची तब्येत सुधारते आहे. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. भेटायला येणाऱ्यांनी आदल्या दिवशी मला फोन करावा, रोज पाच-सहा जणांनाच सोडता येईल. सर्दी-ताप असलेल्यांनी येऊ नये, लहान मुलांना आणू नये. आप्पांसाठी खायला काही आणू नये, सोबतीला असणाऱ्यांसाठी डबा चालेल. रोज संध्याकाळी सात वाजता मी इथे तब्येत कळवीन. घरी आणल्यावर सगळ्यांनी सावकाश भेटायला यावं, तेव्हा आप्पा स्वतः बसून बोलतील.’

आणि सात वाजता खरंच कळवा, एक दिवसही न चुकता. बातमी वेळेवर मिळाली की गाड्या आपोआप कमी होतात. आप्पांचा चष्मा घरी राहिला असेल तर उद्याच्या पहिल्या एसटीने मागवून घ्या.